दगडी खोलीतलं खजुराचं झाड आणि भिंतीवरून उतरवलेला हत्ती: सान बाउदेलिओची चित्रं अमेरिकेत कशी गेली?

स्पेनमध्ये सोरिया नावाचा एक प्रांत आहे. लोकसंख्येच्या बाबतीत देशातला सगळ्यात लहान. उंच पठार, हाडं गोठवणारी थंडी, आणि एका गावातून दुसऱ्या गावात जाताना रस्त्यात माणूस भेटेलच याची खात्री नाही. या प्रांतात बेर्लांगा दे दुएरो या गावापासून साधारण ८ किलोमीटरवर, कासिलास नावाच्या वाडीजवळ टेकडीच्या उतारावर एक दगडी इमारत उभी आहे.

बाहेरून बघाल तर दोन खोकी एकमेकांना चिकटवून ठेवल्यासारखी दिसते. एक मोठं, एक लहान. ओबडधोबड दगडांच्या भिंती, वर कौलं, खिडक्या जवळपास नाहीतच. ना उंच मनोरा, ना कोरीव दरवाजा. फोटो समोर आला तर शेतातलं जुनं गोदाम समजून माणूस पुढे सरकेल.

पण आत पाऊल टाकलं की खोलीच्या बरोबर मध्यभागी एक दगडी झाड उभं दिसतं. जाडजूड गोल खोड, आणि वर गेल्यावर त्यातून आठ दिशांना फुटलेल्या आठ फांद्या. त्या फांद्यांवरच अख्खं छत तोललेलं आहे.

हे सान बाउदेलिओचं चॅपेल. ११व्या शतकातलं. एकेकाळी याच्या भिंती वरपासून खालपर्यंत चित्रांनी भरलेल्या होत्या. त्यात येशूच्या आयुष्यातले प्रसंग होते, तसेच हत्ती, उंट, अस्वल आणि शिकारीही होते. त्यातली बरीचशी चित्रं आज तिथे नाहीत. काही न्यूयॉर्कमध्ये आहेत, काही बॉस्टनमध्ये, काही इंडियानापोलिसमध्ये, सिनसिनाटीमध्ये आणि माद्रिदमध्ये. ती चोरीला गेलेली नाहीत. रीतसर विकली गेली, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार कायदेशीर ठरवला.

चर्च आणि चॅपेल यांत फरक काय?

आपल्याकडे सगळ्याच ख्रिस्ती प्रार्थनास्थळांना सरसकट चर्च म्हणतात. कॅथलिक व्यवस्थेत मात्र त्यांची उतरंड आहे. बिशप जिथे बसतो ते कॅथेड्रल. गावाचं किंवा पेठेचं मुख्य देवालय ते पॅरिश चर्च; बाप्तिस्मा, लग्न, दर रविवारचा मिस्सा तिथे होतो. आणि गावाबाहेर, शेतात, डोंगरावर, एखाद्या संताच्या नावाने बांधलेली छोटी वास्तू म्हणजे चॅपेल. मुंबईच्या वांद्र्याला, वसईला किंवा गोव्यात फिरलेल्यांना हा फरक ठाऊक असतो.

स्पॅनिशमध्ये अशा आडबाजूच्या चॅपेलला ‘एर्मिता’ म्हणतात. हा शब्द एकांतात राहणाऱ्या साधूवरून आला. सान बाउदेलिओच्या बाबतीत तो अगदी अक्षरशः खरा आहे, कारण चॅपेलच्या एका कोपऱ्यात भिंतीतूनच एका गुहेत जायला वाट आहे. टेकडीच्या खडकातली ही गुहा साधूची राहायची जागा असावी, असं मानतात. म्हणजे आधी गुहा, तिच्यात राहणारा कोणी तपस्वी, आणि मग त्या गुहेला चिकटून उभं राहिलेलं देवालय. शेजारी पाण्याचा झरा आहे आणि बाहेर खडकात खोदलेल्या माणसाच्या आकाराच्या जुन्या कबरीही आहेत. १२व्या शतकातल्या कागदपत्रांत या जागेचा उल्लेख मठ म्हणून येतो. म्हणजे इथे एकटादुकटा साधूच नव्हे, तर छोटीशी वस्ती होती.

ज्याच्या नावाने हे चॅपेल आहे तो संत बाउदेलिओ मूळचा इथला नव्हे. रोमन काळात फ्रान्समधल्या नीम शहरात त्याला हौतात्म्य आलं अशी श्रद्धा आहे. तिथून त्याची भक्ती पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये पसरली.

सीमेवरची जमीन

हे चॅपेल असं का दिसतं हे समजायचं तर ते कुठे उभं आहे ते आधी बघावं लागतं.

इ.स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुस्लिम सैन्य स्पेनमध्ये उतरलं आणि काही वर्षांतच बहुतेक द्वीपकल्प त्यांच्या ताब्यात आलं. या प्रदेशाला अल-अंदालुस म्हणत. कोर्दोबा ही त्याची राजधानी. उत्तरेच्या डोंगरी पट्ट्यात छोटी ख्रिस्ती राज्यं तग धरून राहिली आणि हळूहळू दक्षिणेकडे सरकू लागली. या दोघांच्या मधली रेषा बराच काळ दुएरो नदीच्या खोऱ्यातून जात होती.

सान बाउदेलिओ नेमकं त्याच पट्ट्यात आहे. जवळच्याच गोर्माझच्या टेकडीवर १०व्या शतकात कोर्दोबाच्या खलिफाने बांधून घेतलेला प्रचंड किल्ला आजही उभा आहे. त्याच्या तटबंदीचा घेर एक किलोमीटरहून जास्त भरतो. एवढा मोठा किल्ला कोणी उगाच बांधत नाही. हा मुलूख कधी यांच्याकडे, कधी त्यांच्याकडे, असा कित्येक पिढ्या हेलकावे खात होता.

१०३१ मध्ये कोर्दोबाची खिलाफत मोडली. अल-अंदालुसचे तुकडे झाले, आणि ख्रिस्ती राजांची बाजू वरचढ होऊ लागली. बेर्लांगाचा परिसर त्यांच्या हाती आला. १०८५ मध्ये राजा सहावा अल्फोन्सो याने तोलेदो घेतलं, तेव्हा सीमा एकदम दक्षिणेला सरकली आणि दुएरोचं खोरं निर्धास्त झालं. चॅपेल या उलथापालथीच्या शतकातलं.

मात्र सीमा म्हणजे फक्त लढाई नव्हे. सीमेवर व्यापार चालतो, गवंडी दोन्हीकडे कामं करतात, रेशमी कापड आणि हस्तिदंती डबे हातोहात फिरतात. मुस्लिम राजवटीत राहणारे, अरबी बोलणारे, पण धर्माने ख्रिस्तीच राहिलेले लोक तर शतकानुशतकं होतेच. त्यांना मोझारब म्हणतात आणि त्यांच्याशी जोडलेल्या स्थापत्यशैलीला मोझारबिक. सान बाउदेलिओ या शैलीच्या सगळ्यात चमत्कारिक नमुन्यांपैकी एक. चमत्कारिक हा शब्द इथे दोन्ही अर्थांनी घ्यायला हरकत नाही.

आत नेमकं काय आहे?

उत्तरेच्या भिंतीत एकच दरवाजा. त्याची कमान घोड्याच्या नालेसारखी, खाली येताना पुन्हा आत वळणारी. ही नालाकृती कमान अंदालुसी वास्तूंची ओळखीची खूण. कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीचे फोटो पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल.

आतली मुख्य खोली जवळपास चौरस आहे. एका बाजूला साताठ मीटर, दुसऱ्या बाजूला थोडी जास्त. शहरातल्या एका वन-बीएचकेएवढीच जागा. या खोलीच्या मधोमध तो खांब. त्यातून निघणाऱ्या आठ कमानी चार कोपऱ्यांकडे आणि चार भिंतींच्या मध्याकडे जातात. त्याही नालाकृतीच. खाली उभं राहून वर बघितलं की खजुराच्या झाडाखाली उभं असल्याचा भास होतो, म्हणून सगळे त्याला खजुराचंच झाड म्हणतात.

हे झाड नुसती शोभा नाही. दगडी छताचं वजन कुठेतरी उतरवावं लागतं. एरवी ते जाड भिंतींवर उतरवतात किंवा खांबांच्या रांगा लावतात. इथे गवंड्याने वजन नऊ ठिकाणी वाटून दिलं: आठ भिंतीवर आणि एक मध्ये. त्यामुळे छत आठ फाकांत विभागलं गेलं आणि प्रत्येक फाक लहान, म्हणून बांधायला सोपी झाली. युरोपात पुढे इंग्लंडमधल्या गॉथिक इमारतींत एका खांबावरून छत्रीसारखं पसरणारं छत दिसतं, पण ते दोन-एकशे वर्षांनंतर आणि श्रीमंत कॅथेड्रलांत. सोरियाच्या माळावर, एवढ्याशा खोलीत, हे कोणाला सुचलं असेल?

त्याहून मोठी गंमत वर आहे. खांबाच्या डोक्यावर, जिथून फांद्या फुटतात त्या बेचक्यात, एक चिमुकली कोठडी आहे. खालून सहज दिसत नाही. त्या कोठडीला स्वतःचा छोटासा घुमट आहे आणि त्या घुमटाला एकमेकांना छेदणाऱ्या कमानींच्या फासळ्या आहेत. कोर्दोबाच्या मशिदीत आणि तोलेदोच्या इ.स. ९९९ च्या छोट्या मशिदीत अशाच छेदणाऱ्या फासळ्यांचे घुमट आहेत. म्हणजे बांधणाऱ्याला तिकडची तंत्रं नीट माहीत होती. कोठडी कशासाठी? मौल्यवान वस्तू लपवायला म्हणावं, तर जिना नाही. संताचे अवशेष ठेवायला, असाही एक तर्क आहे. एवढ्या कष्टाने, कोणाच्या नजरेस न पडणारा घुमट बांधणारा गवंडी मात्र कामावर जीव असलेला होता, यात शंका नाही.

खोलीच्या पश्चिम अंगाला वर एक सज्जा आहे. त्याला खालून आधार आहे तो बुटक्या खांबांच्या गर्दीचा. खांबांवर पुन्हा नालाकृती कमानी, रांगेमागे रांग. वाकून आत शिरलं तर एखाद्या मशिदीची छोटी प्रतिकृती असावी असं वाटतं. भिंतीलगतच्या दगडी पायऱ्या चढून सज्जावर जाता येतं. साधू लोक प्रार्थनेला तिथे बसत असावेत. गुहेची वाट या खांबांच्या आडच आहे.

आणि पूर्वेला, दोन-चार पायऱ्या चढून, ते दुसरं लहान खोकं. तिथे वेदी. मंदिरात सभामंडप आणि गाभारा असतात, तशीच ही विभागणी. लोक इकडे, धर्मगुरू तिकडे.

भिंतीवर हत्ती कुठून आला?

इमारत अंदालुसी वळणाची. पण तिच्या भिंती १२व्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात रंगवल्या गेल्या, तेव्हा काळ बदलला होता. १०८० मध्ये बुर्गोसच्या धर्मसभेने स्पेनची जुनी प्रार्थनापद्धत बंद करून रोमची पद्धत लागू केली होती. पिरेनीजपलीकडून मठवासी, कारागीर आणि नवी चित्रशैली येत होती. तिला रोमनेस्क म्हणतात. ठसठशीत काळ्या रेघा, सपाट रंग, मोठे टपोरे डोळे. सान बाउदेलिओचे चित्रकार याच परंपरेतले होते. सेगोव्हिया प्रांतातल्या मादेरुएलोच्या चॅपेलमधली चित्रं आणि थेट कॅटालोनियातल्या ताउलच्या चर्चमधली चित्रं याच हातवळणाची आहेत.

भिंतींचे ढोबळ मानाने दोन भाग होते. वरच्या पट्ट्यात येशू: काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस करणारा, आंधळ्याला दृष्टी देणारा, मेलेल्या लाझरसला उठवणारा, सैतानाच्या मोहाला नकार देणारा, गाढवावर बसून जेरुसलेममध्ये शिरणारा, शेवटच्या भोजनाला बसलेला. वाचता न येणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे भिंतीवरचं बायबलच होतं.

खालच्या पट्ट्यात मात्र वेगळीच दुनिया. घोड्यावर बसलेला माणूस त्रिशूळासारखं हत्यार घेऊन सशांच्या मागे लागलाय, पुढे कुत्री धावतायत. एक तिरंदाज हरणावर बाण सोडतोय. एकाच्या हातावर ससाणा बसलाय. भाला आणि गोल ढाल घेतलेला शिपाई. अस्वल. उंट. आणि तांबड्याभडक पार्श्वभूमीवर पाठीवर किल्ला घेतलेला पांढरा हत्ती.

पाठीवरच्या त्या किल्ल्याला मराठी माणूस सरळ अंबारी म्हणेल. चित्रकाराने मात्र हत्ती पाहिलेला असण्याची शक्यता फार कमी. बगदादच्या हारून अल-रशीदने शार्लमेन बादशहाला हत्ती पाठवला होता, तोही तीनशे वर्षांपूर्वी, जर्मनीतल्या आखेनला. सोरियाच्या चित्रकाराकडे हत्ती आला असणार तो कापडावरून, हस्तिदंती डब्यावरच्या कोरीवकामातून किंवा पुस्तकातून. मध्ययुगीन युरोपातल्या प्राणिकथांच्या हस्तलिखितांत युद्धाचा हत्ती पाठीवर बुरूज घेऊनच उभा असतो. उंटाची गोष्ट वेगळी. १०८६ च्या साग्राहासच्या लढाईत उत्तर आफ्रिकेच्या अल्मोराविद सैन्याने उंट आणले होते, त्यामुळे तो प्राणी ऐकिवातला नव्हता.

येशूच्या पायाखाली शिकार का? यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली आहे. त्यातला सगळ्यात पटणारा मुद्दा साधा आहे. खालच्या पट्ट्यात नुसते प्राणीच नव्हते, तर लटकलेल्या पडद्याचं चित्रही होतं आणि वर्तुळांतल्या गरुडांची नक्षीही. ती नक्षी अंदालुसी रेशमी कापडावरची. राजवाड्यांत भिंतींना असलं महागडं कापड लावत. गरीब चॅपेलला ते परवडणारं नव्हतं. मग चित्रकाराने ते रंगवून दाखवलं. शिकार, ससाणा, हत्ती हे सगळे त्या दरबारी कापडांवरचे आणि डब्यांवरचे नेहमीचे विषय. म्हणजे वर रोमहून आलेला धर्म आणि खाली कोर्दोबाहून आलेला थाट, एकाच भिंतीवर. आज ‘संस्कृतींचा संगम’ हा शब्दप्रयोग वापरून वापरून गुळगुळीत झालाय. इथे तो मोजपट्टी लावून दाखवता येतो.

६५ हजार पेसेटा

पुढची काही शतकं चॅपेल विस्मरणात गेलं. १९व्या शतकात स्पेन सरकारने चर्चच्या आणि मठांच्या मालमत्ता मोठ्या प्रमाणावर ताब्यात घेऊन लिलावात काढल्या. देशभर कित्येक मठ आणि चॅपेलं खासगी हातात गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सान बाउदेलिओ कासिलासमधल्या काही शेतकरी कुटुंबांच्या सामाईक मालकीचं होतं. आपल्याकडे सातबाऱ्यावर एका तुकड्याला दहा-पंधरा नावं असतात, तसाच प्रकार. आत मेंढरं बांधायची.

१९०७ मध्ये दोन अभ्यासकांनी या वास्तूवर सविस्तर लेख लिहिला तेव्हा माद्रिदच्या विद्वानांचे डोळे उघडले. १९१७ मध्ये सरकारने चॅपेलला राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे कागदावर शिक्का बसला. मालकी शेतकऱ्यांचीच राहिली.

त्याच सुमारास अमेरिकेत बडी संग्रहालयं आणि धनिक संग्राहक युरोपातली मध्ययुगीन कला मिळेल त्या किमतीला घेत होते. भिंतीवरचं चित्र भिंतीपासून सोडवण्याची कला इटलीच्या कारागिरांकडे होती. १९१९ नंतर कॅटालोनियात हेच घडत होतं. तिथल्या मुर गावच्या चर्चमधलं चित्र १९२१ मध्ये बॉस्टनच्या संग्रहालयात पोहोचलं. त्यातून बार्सिलोनातले लोक खडबडून जागे झाले आणि डोंगरातल्या चर्चांतली उरलेली चित्रं त्यांनी स्वतःच काढून आपल्या संग्रहालयात नेली. कॅटालोनियाला शहाणपण वेळेत सुचलं. सोरियाच्या बाजूने उभं राहायला एवढं श्रीमंत शहर नव्हतं.

१९२२ मध्ये लिओने लेव्ही नावाचा पुराणवस्तूंचा व्यापारी कासिलासला आला. त्याने शेतकऱ्यांकडून चित्रं विकत घेतली. किंमत ठरली ६५ हजार पेसेटा. कोरडवाहू शेती आणि मेंढरांवर जगणाऱ्या वाडीसाठी हा आकडा डोळे विस्फारणारा होता.

बातमी फुटली, वर्तमानपत्रांत ओरड झाली, पोलीस पाठवून काम थांबवलं गेलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. सरकारचं म्हणणं, हे राष्ट्रीय स्मारक आहे. विकणाऱ्यांचं म्हणणं, इमारत आमची आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९२५ मध्ये व्यवहार वैध ठरवला. खासगी मालकाने आपली वस्तू विकू नये असं सांगणारा पुरेसा कायदा तेव्हा नव्हताच. १९२६ मध्ये चित्रं भिंतीवरून उतरली आणि देशाबाहेर गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनने कलावारशाच्या रक्षणासाठी नवा आणि कडक हुकूम काढला. सान बाउदेलिओसाठी तो उशिराच होता.

या गोष्टीत शेतकऱ्यांना खलनायक ठरवणं फार सोपं आहे, आणि ते अनेकदा केलंही जातं. पण सरकारने स्मारकाची पाटी लावली, तेव्हा ती वास्तू विकत घ्यायला किंवा राखायला पैसे दिले नाहीत. ज्यांच्या मेंढवाड्याची किंमत माद्रिदला ठाऊक होती, ती त्यांना पहिल्यांदा सांगितली एका व्यापाऱ्याने.

भिंतीवरचं चित्र काढतात कसं?

‘फ्रेस्को’ प्रकारात चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावतात. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि रंगाचे कण त्यात अडकून बसतात. म्हणून रंग शेकडो वर्षं टिकतो, आणि म्हणूनच तो खरवडल्याशिवाय निघणार नाही असं वाटतं.

इटालियन कारागिरांची युक्ती अशी. चित्रावर जनावरांच्या हाडाकातड्याचा सरस गरम करून लावायचा आणि त्यावर सुती कापडाचे थर चिकटवायचे. सरस वाळताना आकसतो, आणि आकसताना रंगाचा सगळ्यात वरचा पापुद्रा ओढून धरतो. मग एका कडेपासून कापड हळूहळू सोलायचं. चित्र कापडाला चिकटून, उलटं होऊन, भिंतीवरून निघून येतं. ते गुंडाळून कुठेही नेता येतं. मुक्कामाला पोहोचल्यावर मागच्या बाजूने नवं कॅनव्हास चिकटवायचं, आणि पुढचा सरस कोमट पाण्याने विरघळवून पहिलं कापड काढून टाकायचं. या पद्धतीला ‘स्त्राप्पो’ म्हणतात. इटालियनमध्ये त्याचा अर्थ हिसका.

हिसक्याने वरचा थर येतो, पण गिलाव्यात खोल मुरलेला रंग भिंतीतच राहतो. ही गोष्ट सान बाउदेलिओच्या बाबतीत पुढे महत्त्वाची ठरली.

हत्ती परत आला, पण कसा?

अमेरिकेत गेल्यावर चित्रांची पांगापांग झाली. शेवटचं भोजन आणि येशूच्या कबरीपाशी आलेल्या तिघी मेरी बॉस्टनला. कानाचं लग्न आणि जेरुसलेम प्रवेश इंडियानापोलिसला. ससाणावाला सिनसिनाटीला. लाझरस, सैतानाचा मोह आणि उंट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे; ते आज त्यांच्या ‘क्लॉइस्टर्स’ या मध्ययुगीन शाखेत आहेत.

आता थोडं सेगोव्हिया प्रांतात जावं लागेल. तिथल्या फुएन्तिदुएन्या गावात सान मार्तिनचं १२व्या शतकातलं चर्च पडझड होऊन उभं होतं. त्याचा वेदीमागचा अर्धगोल भाग मात्र शाबूत होता. त्याला ॲप्स म्हणतात. न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्सला तो बरीच वर्षं हवा होता. स्पेनमधून स्मारक बाहेर नेणं आता कायद्याने अवघड होतं. मग १९५७ मध्ये अदलाबदलीचा तोडगा निघाला. मेट्रोपॉलिटनने सान बाउदेलिओची सहा चित्रं मिळवून ती माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाला द्यायची, आणि स्पेनने ॲप्स न्यूयॉर्कला.

ॲप्सचे सुमारे ३,३०० दगड सुटे करून, क्रमांक घालून, १९५८ मध्ये जहाजाने नेले. न्यूयॉर्कमध्ये ते पुन्हा रचले गेले आणि १९६१ मध्ये लोकांसाठी खुले झाले. इकडे प्रादोत हत्ती, अस्वल, हरणाची शिकार, सशांची शिकार, शिपाई आणि पडद्याचं चित्र आलं.

कागदोपत्री यातलं काहीही विकलेलं किंवा बक्षीस दिलेलं नाही. दोन्ही बाजूंनी बेमुदत उसनवारी आहे. म्हणजे माद्रिदमध्ये टांगलेला सोरियाचा हत्ती आजही न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या मालकीचा आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये उभा असलेला सेगोव्हियाचा ॲप्स स्पेन सरकारच्या मालकीचा.

हा सौदा न्याय्य होता का? स्पेनमध्ये यावर आजही दोन मतं आहेत. एक बाजू म्हणते, ॲप्स नाहीतरी पडक्या चर्चमध्ये होता, तो वाचला. दुसरी बाजू विचारते, एका गावाची गेलेली चित्रं आणायला दुसऱ्या गावाचं चर्च का द्यावं लागलं? आणि आणलेली चित्रं तरी सान बाउदेलिओला कुठे परतली? ती राजधानीत राहिली. 

चित्रं हलवावी की जागेवर ठेवावी, याचं एकच उत्तर नाही. ज्या मादेरुएलोच्या चॅपेलचा उल्लेख वर आला, तिथली चित्रंही १९४७ मध्ये काढून प्रादोला नेली, पण कारण वेगळं होतं: खाली धरण होत होतं आणि चॅपेलला पाण्याचा धोका होता. तिथे चित्रं हलवली म्हणून राहिली. सान बाउदेलिओच्या भिंतींना असा कुठलाच धोका नव्हता.

आज तिथे काय दिसतं?

चॅपेल आता सोरियाच्या नुमांतिनो संग्रहालयाच्या अखत्यारीत आहे आणि ठरलेल्या वेळेत बघता येतं. रस्त्याने गाडी जवळपर्यंत जाते. दारातून आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. आधी खांब दिसतो, मग फांद्या, मग सज्जाखालच्या कमानी.

आणि मग भिंती. त्या कोऱ्या नाहीत. व्यापाऱ्याच्या कारागिरांनी सगळंच नेलं नव्हतं. काही भाग जागेवर राहिले. जिथून पापुद्रा सोलला तिथेही गिलाव्यात मुरलेला रंग शिल्लक आहे. नंतरच्या दुरुस्तीत भिंती साफ झाल्यावर तो अधिक स्पष्ट झाला. फिकट तांबडा, फिकट पिवळा, मधेच एखादी काळसर रेघ. प्रादोतला हत्ती आधी पाहून आलेल्या माणसाला इथल्या डागांत त्याच आकाराचे पाय आणि सोंड ओळखू येतात. न पाहिलेल्याला आधी ओल आल्यासारखं वाटतं. खांबाच्या डोक्यावरची ती छोटी कोठडी मात्र होती तशीच आहे. तिच्यापर्यंत कोणाचा सरस पोहोचला नाही.